फाइल नाही, तरी मॅक्रो म्हणतो 'आहे'. डिर खोटं बोलतं का?

कर्वेनगर_खजिनदार · मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी प्रोग्रामर नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला अर्धा तास उशिरा पोचलो आणि दारातच कळलं की आपण खजिनदार झालो आहोत. एक्सेल येतं, मॅक्रो (एक्सेलमधलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) यूट्यूब बघून शिकलो.

रचना अशी. डी ड्राइव्हवर सोसायटीचं फोल्डर, त्यात प्रत्येक महिन्याचं एक फोल्डर. फोल्डरांची नावं इंग्रजी अक्षरं आणि आकडे, त्यात काही भानगड नाही. महिन्याच्या फोल्डरमध्ये खर्चाच्या प्रत्येक बाबीची वेगळी फाइल: वीज, टँकर, लिफ्ट, सुरक्षा, स्वच्छता. समितीचे सभासद आपापली फाइल भरून पाठवतात, म्हणून ही नावं देवनागरीत. शिवाय महिन्याच्या गोषवाऱ्याची एक फाइल, तिचं नाव महिन्याचं, इंग्रजी अक्षरांत.

मॅक्रो याच महिन्यात लिहिला. 'सेटिंग' शीटच्या पहिल्या रकान्यात बाबींची नावं आहेत. मॅक्रो एकेक नाव घेतो, पाथ (फाइलचा पूर्ण पत्ता) जोडतो, फाइल आहे का बघतो. असेल तर उघडून बेरीज उचलतो, नसेल तर शून्य टाकून पुढे जातो. तपासणी व्हीबीएमधल्या (मॅक्रोच्या भाषेतल्या) डिर या फाइल शोधणाऱ्या आज्ञेने होते, उत्तर रिकामं नसेल तर फाइल उघडायची. ओळ ही:

इफ डिर(पाथ) <> "" देन वर्कबुक्स.ओपन पाथ

जुलैत पाऊस चांगला झाला, टँकर बंद, त्यामुळे टँकरची फाइलच नाही. मॅक्रोने शून्य टाकायला हवं होतं. तो थेट फाइल उघडायला जातो आणि १००४ नंबरची एरर देऊन आडवा होतो, म्हणे फाइल सापडली नाही. अरे, मग 'आहे' कोण म्हणालं?

गंमत पुढे. प्रयोग म्हणून वीजेची फाइल दुसरीकडे हलवली, तर बरोबर 'नाही' म्हणाला. परत ठेवली. लिफ्टची हलवली, तर पुन्हा 'आहे'. म्हणजे विजेच्या बाबतीत खरं बोलतो, लिफ्ट आणि टँकरच्या बाबतीत खोटं. मेसेज बॉक्समध्ये पाथ दाखवला तर फाइलच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात, पण ते नेहमीचंच आहे, फॉन्टचं काहीतरी असेल.

रविवारी समितीची बैठक आहे. कुणी सांगेल का?

सिंहगडरोड_वासी · मंगळवार, रात्री १०:५२

दीर सहसा खोटं बोलत नाही. जाऊबाईंना विचारून बघा.

लेखा_ताई · मंगळवार, रात्री ११:१५

वरच्या पीजेकडे दुर्लक्ष करा. मी हिशेबतपासनिसांच्या ऑफिसात काम करते, रोज पन्नास अशिलांच्या फाइलींचे पाथ सेलमधून उचलते. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा दोष पाथमध्ये असतो, तपासणीत नसतो. आधी हे बघा.

सेलमध्ये नावाच्या पुढेमागे स्पेस आहे का? ट्रिम लावलं म्हणून निर्धास्त राहू नका. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात १६० क्रमांकाचं स्पेस येतं, ते दिसायला साध्या स्पेससारखंच असतं आणि ट्रिम त्याला हातही लावत नाही. ते रिप्लेसने काढावं लागतं.

विंडोजमध्ये 'कॉपी अ‍ॅज पाथ' केलंत तर पाथभोवती दुहेरी अवतरणचिन्हं चिकटून येतात. ती निदान दिसतात तरी. पण फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅबवरून पाथ उचललात, तर सुरुवातीला एक अदृश्य खूण येते, क्रमांक ८२३४. डावीकडून उजवीकडे लिहा, असं सांगणारी. डोळ्यांना दिसत नाही, कर्सर मात्र एक घर जास्त चालतो. या एका खुणेपायी आमच्याकडे एका आर्टिकलची, म्हणजे शिकाऊ सीएची, अख्खी संध्याकाळ गेली होती. पोरगी रडकुंडीला आली होती.

म्हणून पाथची लांबी लेनने मोजा आणि बोटांवर मोजून ताडून बघा. जास्त भरली तर अ‍ॅस्कडब्ल्यूने एकेक अक्षराचा क्रमांक काढा.

आणि पाथ फार लांब तर नाही ना? विंडोजची जुनी मर्यादा २६० अक्षरांची, पण एक्सेलची स्वतःची त्याहून कमी आहे, फाइलच्या नावासकट २१८. आमच्याकडे अशिलाचं पूर्ण नाव, मग आर्थिक वर्ष, मग 'अंतिम', मग 'अंतिम सुधारित' अशी फोल्डरं असतात. तिथे २१८ सहज ओलांडतात.

भोसरी_स्टोअर · बुधवार, सकाळी ७:२०

शिफ्ट सुरू व्हायच्या आत लिहितो. ताई म्हणतात ते बरोबर, पण डिरसुद्धा वाटतं तितकं साधं नाही.

डिरला रिकामी स्ट्रिंग (मजकूर) दिली तर ते रिकामं उत्तर देत नाही. चालू फोल्डरमधली पहिली सापडेल ती फाइल देतं. म्हणजे सेल रिकामा, तरी 'फाइल आहे'. पाथच्या शेवटी उलटी तिरकी रेघ राहिली तरी तेच, त्या फोल्डरमधली पहिली फाइल. पाथमध्ये तारका किंवा प्रश्नचिन्ह असेल तर ते वाइल्डकार्ड, म्हणजे 'इथे काहीही चालेल', असं धरलं जातं, जुळणारी पहिली फाइल मिळते. उलट बाजूने, लपवलेली म्हणजे हिडन फाइल असेल तर साधं डिर तिला ओळखच देत नाही, व्हीबीहिडन सांगावं लागतं.

आणि माझा खास शत्रू म्हणजे डिरच्या लूपमध्ये दुसरं डिर. आमच्या स्टोअरमध्ये आवक चलनांच्या फाइली एकामागून एक वाचणारा मॅक्रो होता. लूप डिरनेच चालायचा, पहिल्यांदा पाथ देऊन आणि पुढे रिकामं डिर म्हणत. मी आत एक तपासणी घातली, 'या चलनाची पावती आहे का', तीही डिरने. डिर शेवटचा प्रश्न लक्षात ठेवतं, एकच. आतल्या डिरने बाहेरचा प्रश्न पुसला. तीनशे चलनांतलं पहिलं वाचून मॅक्रो 'काम झालं' म्हणाला. साहेबांनी विचारलं, आज एवढ्या लवकर कसं झालं? मी म्हटलं, कॉम्प्युटर फास्ट आहे.

तुमच्या मॅक्रोत बाहेर डिरचा लूप आहे का?

पायथनप्रेमी · बुधवार, सकाळी ९:०५

२ ओळींचं काम आहे. पायथनमध्ये पाथलिब घ्या, संपलं. व्हीबीए १९९३ मध्ये एक्सेल ५ बरोबर आलं, आता सोडा ना ते.

लेखा_ताई · बुधवार, सकाळी ९:३०

@पायथनप्रेमी त्यांच्यानंतरच्या खजिनदाराच्या लॅपटॉपवर पायथन कोण टाकणार? तुम्ही येणार का कर्वेनगरला?

कर्वेनगर_खजिनदार · बुधवार, रात्री ९:४५

दिवसभर ऑफिस, आत्ता बसलो. सगळं तपासलं.

ताई, लांबी मोजली. लेन म्हणतं तेवढीच अक्षरं आहेत, मात्र टँकरला ते चार म्हणतं, मी तीन मोजत होतो. बायको म्हणाली चंद्रबिंदू वेगळा मोजत असेल. १६० किंवा ८२३४ कुठेही नाही. पाथ साठ अक्षरांच्या आतच आहे.

भोसरीकर, बाहेर साधा फॉर-नेक्स्ट आहे, डिरचा लूप नाही. सेल रिकामा नाही, शेवटी तिरकी रेघ नाही, तारका-प्रश्नचिन्ह मी कुठेही लिहिलेलं नाही. तरी तेच. वीज नसेल तर 'नाही', टँकर नसेल तरी 'आहे'.

चहा_बिनसाखर · बुधवार, रात्री १०:१०

एक साधी गोष्ट करा. डिर हो किंवा नाही असं म्हणतच नाही, ते सापडलेल्या फाइलचं नाव देतं. आपण सगळे 'रिकामं नाही ना, मग आहे' म्हणून पुढे जातो. त्याने कुठलं नाव दिलं ते बघतच नाही. दारावरची बेल वाजली म्हणजे दूधवालाच, असं धरल्यासारखं.

इफच्या आधी एक ओळ घाला आणि डिर(पाथ) जे देतं ते एखाद्या सेलमध्ये लिहा. मेसेज बॉक्समध्ये नको, सेलमध्येच. टँकरची फाइल नसताना चालवा आणि काय आलं ते इथे सांगा.

कर्वेनगर_खजिनदार · बुधवार, रात्री १०:२८

मी मागितली टँकर. त्याने दिली जुलै. म्हणजे गोषवाऱ्याची फाइल, इंग्रजी अक्षरांतली, जे-यू-एल-वाय.

लिफ्ट मागितली तरी जुलै. वीज मागितली तर रिकामं.

हे काय आहे?

सिंहगडरोड_वासी · बुधवार, रात्री १०:३१

स्वारगेटला कात्रजची बस विचारावी आणि माणसाने निगडीची दाखवावी.

चहा_बिनसाखर · बुधवार, रात्री ११:०५

वाटलंच होतं. पहिल्याच पोस्टमध्ये तुम्ही स्वतः उत्तर लिहून 'फॉन्टचं काहीतरी असेल' म्हणून पुढे गेलात. ती प्रश्नचिन्हं.

व्हीबीएच्या आत स्ट्रिंग युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपी सामावणारी, असते, सेलमधलं 'टँकर' तिथपर्यंत अगदी नीट येतं. पण डिर, किल, मेकडिर, गेटअ‍ॅट्र, फाइलकॉपी ही जुन्या बेसिकपासून चालत आलेली मंडळी. विंडोजशी बोलताना ती स्ट्रिंगचं रूपांतर आधी अ‍ॅन्सी कोडपेजमध्ये, म्हणजे एका भाषागटापुरत्या जुन्या अक्षरतक्त्यात, करतात. आपल्या मशीनवर ते सहसा पश्चिम युरोपचं असतं. त्यात देवनागरी नाही, आणि देवनागरीसाठी वेगळं अ‍ॅन्सी कोडपेज विंडोजने कधी दिलंच नाही. न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह येतं. मेसेज बॉक्सचंही तेच होतं, पण तिथे नुसतं दिसायला वाईट. डिरच्या बाबतीत प्रश्नचिन्ह म्हणजे वाइल्डकार्ड, 'इथे कुठलंही एक अक्षर चालेल'.

म्हणजे तुम्ही 'टँकर' विचारलंत, डिरने विचारलं 'कुठल्याही चार अक्षरांची एक्सएलएसएक्स फाइल आहे का?' जुलै इंग्रजीत चार अक्षरं. आहे की!

आता वीज. व, दीर्घ वेलांटी, ज, असे तीन. जुलै तीन अक्षरांत बसत नाही, म्हणून 'नाही'. लिफ्ट पाच: ल, वेलांटी, फ, हलन्त, ट. मग पाच प्रश्नचिन्हांत चार अक्षरांचा जुलै कसा आला? विंडोज टिंबाच्या आधीची उरलेली प्रश्नचिन्हं माफ करतं. म्हणजे पाच प्रश्नचिन्हं याचा अर्थ 'जास्तीत जास्त पाच'. त्यामुळे नाव जितकं लांब तितका डिर उदार. स्वच्छता आठ भरते, तिला फोल्डरमधलं जवळपास काहीही चालेल.

खरं म्हणजे तुमची तपासणी कधीच चालत नव्हती. फाइल असताना 'आहे' म्हणायची ते याच अपघाताने.

पडताळा हवा असेल तर मे महिन्याच्या फोल्डरवर विजेची फाइल हलवून बघा. एम-ए-वाय, तीन अक्षरं. माझ्या हिशेबाने तिथे वीजही 'आहे' म्हणेल.

कर्वेनगर_खजिनदार · बुधवार, रात्री ११:२०

म्हणाली!! मे महिन्यात वीज नसतानाही 'आहे', आणि सेलमध्ये मे.

झोप उडाली राव.

भोसरी_स्टोअर · गुरुवार, सकाळी ७:१५

पंधरा वर्षं डिर वापरतोय, हे माहीत नव्हतं. आमच्या फाइलींची नावं सगळी पार्ट नंबर, त्यामुळे गाठच पडली नाही.

एक शंका. फोल्डरचं नाव देवनागरी असतं तर?

चहा_बिनसाखर · गुरुवार, सकाळी ८:००

तर बरं झालं असतं! पाथच्या मधल्या भागात वाइल्डकार्ड चालत नाही, त्यामुळे डिर ५२ नंबरची एरर देतं, चुकीचं फाइलनाव म्हणून. निदान आरडाओरडा तरी झाला असता. इथे फोल्डर इंग्रजी आणि फाइल देवनागरी, त्यामुळे गुपचूप चुकलं.

आता उपाय. फाइलसिस्टमऑब्जेक्ट, म्हणजे एफएसओ. फाइली हाताळणारं विंडोजमधलं तयार साधन. तो युनिकोड पाळतो, फाइल आहे का विचारताना वाइल्डकार्ड मानत नाही, रिकाम्या पाथला सरळ 'नाही' म्हणतो, आधीचं काही लक्षात ठेवत नाही, हिडन फाइलही ओळखतो. उच्चारानुसार लिहितोय, एडिटरमध्ये इंग्रजी अक्षरांत घाला:

फंक्शन फाइलआहेका(पाथ अ‍ॅज स्ट्रिंग) अ‍ॅज बूलियन
डिम एफएसओ अ‍ॅज ऑब्जेक्ट
सेट एफएसओ = क्रिएटऑब्जेक्ट("स्क्रिप्टिंग.फाइलसिस्टमऑब्जेक्ट")
फाइलआहेका = एफएसओ.फाइलएक्झिस्ट्स(पाथ)
एंड फंक्शन

फोल्डरसाठी फोल्डरएक्झिस्ट्स वेगळं आहे. फोल्डर आणि फाइलचं नाव जोडायला बिल्डपाथ वापरा, मधली तिरकी रेघ ते स्वतः सांभाळतं.

दोन इशारे. 'टँकर' हे नाव थेट कोडमध्ये लिहू नका, व्हीबीएच्या एडिटरलाही देवनागरी येत नाही, तिथेच प्रश्नचिन्हं होतात. तुम्ही नावं सेलमध्ये ठेवली आहेत, उत्तम. कोडमध्येच हवं असेल तर सीएचआरडब्ल्यूने (क्रमांकावरून अक्षर देणारं फंक्शन) २३३५, २३०५, २३२५, २३५२ असं जोडावं लागेल.

दुसरा इशारा महत्त्वाचा. किल ही आज्ञासुद्धा याच घराण्यातली. तीही वाइल्डकार्ड मानते, आणि तिला एका वेळी अनेक फाइली चालतात. देवनागरी नावाची एखादी जुनी फाइल किलने पुसायला जाऊ नका. डिरने चुकीची फाइल दाखवली तर हसून सोडता येतं. पुसायचं असेल तर एफएसओचं डिलीटफाइल वापरा.

मॅकवाली · गुरुवार, दुपारी १:३०

मॅकवर एफएसओ नसतो हो. क्रिएटऑब्जेक्टलाच एरर येते.

चहा_बिनसाखर · गुरुवार, दुपारी २:१०

खरंय. मॅकवर हे चालणार नाही. इथे सगळे विंडोजवर आहेत असं धरून लिहिलं.

औंध_१२ · गुरुवार, दुपारी ३:००

विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये 'जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा' असा एक बीटा पर्याय आहे. तो चालू केला की अ‍ॅन्सी कोडपेजच यूटीएफ-८ होतं. मग कोड बदलायला नको.

लेखा_ताई · गुरुवार, दुपारी ३:२०

तो पर्याय आमच्या ऑफिसात एका हौशी मुलाने चालू केला होता. जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या पावत्यांवर रुपयाच्या जागी चौकोन यायला लागले. एका मॅक्रोसाठी अख्ख्या मशीनची भाषा बदलू नये असं माझं मत. शिवाय मॅक्रो दुसऱ्याच्या लॅपटॉपवर गेला की पुन्हा तेच.

जुनाजाणता_शनिवारपेठ · गुरुवार, सायंकाळी ६:४५

हे दुखणं नवं. आमच्या वेळी मराठी टाइप करायचं म्हणजे सी-डॅकचं आयएसएम आणि सुरेख फॉन्ट. सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था १९८८ ची, आपल्या पुण्यातच. त्यात फाइलच्या आत मराठी आणि फाइलचं नाव मुकाट्याने इंग्रजीत, त्यामुळे डिरची कुरबुर कधी झालीच नाही. युनिकोड आलं, सगळ्यांना फाइलचं नावही मराठीत देता यायला लागलं, आणि जुन्या आज्ञेचं पितळ उघडं पडलं. तक्रार नाही करत. आता नातवंडांना पाठवलेली फाइल वाचता येते, पूर्वी फॉन्ट नसला की नुसती गिचमिड दिसायची.

विमाननगर_एमआयएस · गुरुवार, रात्री ८:१५

जरा विषयांतर. माझी फाइल वनड्राइव्हवर आहे. थिसवर्कबुक.पाथ विचारलं तर डी किंवा सी ड्राइव्हऐवजी एचटीटीपीएसने सुरू होणारा पत्ता येतो आणि कुठलीच तपासणी चालत नाही.

चहा_बिनसाखर · गुरुवार, रात्री ८:४०

नवा धागा काढा हो. पण थोडक्यात सांगतो, तो वेबचा पत्ता आहे, फाइलचा पाथ नाही. डिर त्यावर एरर देतं, एफएसओ नुसतं 'नाही' म्हणतो. एन्व्हायरनला वनड्राइव्ह विचारलंत तर मशीनवरच्या सिंक फोल्डरचा पाथ मिळतो, त्यापुढे स्वतः जोडा.

भोसरी_स्टोअर · गुरुवार, रात्री ९:३०

माझा वेगळा सूर. इतकी तपासणी करायचीच कशाला? सरळ उघडायला जा, नाही उघडली तर एरर पकड. फाइल आहे म्हणून ती उघडेलच असं थोडंच आहे? पासवर्ड असतो, खराब झालेली असते, नेटवर्कवर असेल तर तपासणी आणि उघडणं यांच्या मधल्या सेकंदात कुणी नाव बदललेलं असतं. आमच्याकडे हे घडलंय.

चहा_बिनसाखर · गुरुवार, रात्री ९:५५

उघडताना एरर पकडायचीच, त्यात वाद नाही. पण यांच्या बाबतीत 'फाइल नाही' ही चूक नाही, टँकर आला नाही एवढाच तिचा अर्थ, आणि त्याचं उत्तर शून्य आहे. फाइल आहे पण उघडत नाही, ही मात्र चूक, आणि तिथे शून्य टाकलं तर हिशेब खोटा. दोन्ही एकाच १००४ मध्ये येतात. वेगळे करायचे तर आधी विचारावंच लागेल.

आणि कृपा करून 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' (एरर आली तरी पुढच्या ओळीवर जा) वर टाकून खाली तसंच सोडू नका. मग टँकर उघडला नाही तरी मॅक्रो आधीच्याच उघड्या फाइलची बेरीज उचलेल आणि विजेचं बिल टँकरच्या नावावर दिसेल.

भोसरी_स्टोअर · गुरुवार, रात्री १०:०२

हे पटलं. शून्य आणि 'माहीत नाही' वेगळं.

कर्वेनगर_खजिनदार · शुक्रवार, रात्री ११:१०

एफएसओ घातला. जुलै बरोबर, टँकरला शून्य. मे बरोबर. आनंदात मागच्या महिन्यांवरही चालवला आणि जूनला अडकलो, पण उलट्या बाजूने. जूनच्या फोल्डरमध्ये टँकरची फाइल आहे. डोळ्यांसमोर आहे, दोनदा क्लिक करून उघडली, तेवीस टँकर. मॅक्रो म्हणतो 'नाही' आणि शून्य टाकतो.

आधीचा असलेली नसलेली सगळीच 'आहे' म्हणायचा, हा असलेलीलाही 'नाही' म्हणतोय. मी राजीनामा देऊ का?

अनुस्वार · शुक्रवार, रात्री ११:३५

राजीनामा नको. जूनच्या फाइलचं नाव एफ-टू दाबून कॉपी करा, सेलमध्ये चिकटवा, शेजारी लेन लावा. किती?

कर्वेनगर_खजिनदार · शुक्रवार, रात्री ११:४१

टिंबापुढचं सोडून पाच. माझ्या यादीत चार. पण दिसायला अगदी तेच आहे!

अनुस्वार · शनिवार, सकाळी ८:२०

दिसायला तेच, लिहायला नाही. तुमच्या यादीत ट-वर चंद्रबिंदू आहे, ते एकच चिन्ह, क्रमांक २३०५. जूनची फाइल ज्यांनी केली त्यांनी ट-वर आधी अर्धचंद्र दिला, २३७३, आणि मग वेगळा अनुस्वार, २३०६. टँकर आणि टॅंकर. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच उमटतात. विंडोजच्या लेखी या दोन वेगळ्या फाइली, इतक्या की दोन्ही एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदतील. एकाने इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप केलं आणि दुसऱ्याने फोनवर बोलून लिहिलं की हे होतंच.

मराठीत असे सापळे बरेच आहेत. 'कर्मचाऱ्यांचा पगार' अशी फाइल करा आणि बघा. ऱ्य लिहायचे दोन मार्ग. एक, खाली नुक्ता असलेला ऱ, हलन्त, य. दुसरा, साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडणारं चिन्ह, क्रमांक ८२०५, आणि मग य. कागदावर फरक शून्य, लेनमध्ये एकाचा. 'अ‍ॅडव्हान्स'मधल्या अ‍ॅचंही तेच, कुणी एकसंध अक्षर वापरतं, कुणी अ-वर चंद्र चढवतं.

तुमच्या जुन्या डिरला यातलं काहीच कळलं नसतं, त्याने प्रश्नचिन्हं मोजून 'आहे' म्हटलं असतं. एफएसओ काटेकोर आहे म्हणून हे बाहेर आलं.

कर्वेनगर_खजिनदार · शनिवार, सकाळी ९:१५

सभासदांना 'चंद्रबिंदू द्या, अर्धचंद्र आणि अनुस्वार नको' असं सांगितलं तर पुढच्या सभेत मलाच चंद्रावर पाठवतील. काय करू?

लेखा_ताई · शनिवार, सकाळी १०:००

माणसांना नाव टाइप करूच देऊ नका. महिना सुरू झाला की तुमच्याच मॅक्रोने कोऱ्या फाइली यादीतल्या नावांनी तयार करून पाठवा. त्यांनी फक्त आत भरायचं. नाव तुमच्या सेलमधून गेलं आणि तसंच परत आलं.

आणि उलटी तपासणी घाला. एफएसओने फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं एका शीटवर उतरवा. यादीतल्या कुठल्याच नावाशी न जुळणारी फाइल दिसली की लाल करा. नुसतं 'माझ्या यादीतलं तिथे आहे का' विचारून भागत नाही, 'तिथलं माझ्या यादीत आहे का' हेही विचारायचं. अशिलांच्या कागदपत्रांत आम्हाला खरी मासळी या दुसऱ्या जाळ्यात मिळते.

सिंहगडरोड_वासी · शनिवार, सकाळी १०:२०

किंवा फाइलींना १, २, ३ नावं द्या आणि झोपा.

अनुस्वार · शनिवार, सकाळी १०:२४

@सिंहगडरोड_वासी इंग्रजी आकडे की मराठी?

कर्वेनगर_खजिनदार · रविवार, रात्री ८:५०

बैठक झाली. गोषवारा वेळेवर दिला, कुणी काही विचारलं नाही, म्हणजे बरोबर असावा. ताईंची उलटी तपासणी बसवली. जूनच्या फाइलचं नाव दुरुस्त केलं, तेवीस टँकर हिशेबात आले.

ऑगस्टच्या फोल्डरवर पहिल्यांदा चालवला तर टँकरपुढे 'आहे' आलं. मला वाटलं पुन्हा चुकलं. सेलमध्ये नाव बघितलं, चार अक्षरं, चंद्रबिंदू, सगळं बरोबर. उघडली तर आत खरोखर सात टँकरचं बिल. पानशेत, वरसगाव धरणं भरलेली, नळाला दोन्ही वेळ पाणी, आणि सात टँकर. यात मॅक्रोचा दोष नाही. पाणी समितीच्या काकांना उद्या विचारतो.

भोसरी_स्टोअर · रविवार, रात्री ९:०५

त्यांना विचारताना ऑन एरर लावून ठेवा.